जिल्ह्यापेक्षा जुनी गाडी

आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी आहे. अण्णांनी १९९८ साली ही मारुती ८०० घेतली तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पुढे त्याला एमएच-३८ हा क्रमांक मिळाला. आमच्या पाटीवर मात्र एमएच-२२ च राहिलं. औंढ्याला चहा प्यायला थांबलं की अजूनही कुणीतरी विचारतं, "परभणीचे का?"

२०२३ मध्ये या गाडीचं पासिंग पुन्हा करायची वेळ आली. याआधी २०१३ आणि २०१८ मध्ये अण्णाच गेले होते. आता त्यांनी सत्तरी ओलांडलेली, म्हणून कागद माझ्याकडे आले. नमुना २५ भरताना पहिल्यांदाच लक्षात आलं की १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षं ही गाडी कुठल्याही सरकारी माणसानं खालून-वरून तपासलेलीच नव्हती. पीयूसी व्हायची, पण ती फक्त धूर बघते. ब्रेक बघत नाही.

हे असं का, ते शोधायला मी कायद्यापासून सुरुवात केली.

१९३९ चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या कायद्यानं फिटनेसचा दाखला मागितला तो माल आणि प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांकडे. ते साहजिकच होतं, कारण घरची मोटार ही तेव्हा मूठभरांची चैन. पुढे १९८८ चा कायदा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यानं खाजगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत घातली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. भाड्याच्या जीपला मात्र आजही आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो.

पण कायदा लिहिला जात होता तेव्हा रस्ता बदलू लागला होता. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. तीन सिलेंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली. मोटार मास्तरांच्या, कंपाउंडरच्या, हळदीच्या अडत्याच्या दारात उभी राहिली.

आमच्याकडे तर ती बऱ्याचदा दुसऱ्या हातानंच आली. पुण्यात दहा-बारा वर्षं चाललेली गाडी तिथे विकली जाते आणि एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची पाटी घेऊन वसमत, कळमनुरी, सेनगावच्या रस्त्याला लागते. म्हणजे गाडीचं म्हातारपण आमच्या जिल्ह्यात जातं. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी आठवडी बाजाराच्या दिवशी ती तुम्हाला इथे हमखास दिसेल.

जगात इतर ठिकाणी गाडी तपासायची पद्धत कशी पडली, हे वाचताना मला आमचा हळदीचा हंगाम आठवला. आमच्याकडे शेतात वाफेवर हळद शिजवतात. बॉयलर पेटला की म्हातारी माणसं पोरांना लांब पिटाळतात. जर्मनीत गाडीच्या तपासणीचं मूळ बॉयलरमध्येच आहे. १८६५ मध्ये मानहाइम शहरात बिअरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी एक संघ काढला आणि आपले बॉयलर तिऱ्हाईत जाणकाराकडून नियमित तपासून घ्यायचं ठरवलं. अशाच संघांमधून पुढे ट्युफ या तपासणी संस्था उभ्या राहिल्या. १९५१ पासून तिथे मोटारींची ठराविक मुदतीनं तपासणी सक्तीची झाली.

ब्रिटनमध्ये वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी १९६० मध्ये एमओटी चाचणी आणली. ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि तपासायचे ते फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ मध्येच दहाची मर्यादा सातवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीनवर आली.

जर्मनीत दरवर्षी कुठल्या गाड्या कशामुळे नापास झाल्या याचा अहवाल निघतो. जुन्या लहान गाड्यांचे दोष ठरलेले असतात: दिवे, शॉकअप आणि चाकांचे जोड, ब्रेक, तेलगळती. वसमतच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो हीच यादी सांगेल. हेडलाइटची वाटी काळवंडते आणि उजेड पिवळा पडतो. एक्सलचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि वळणावर टकटक सुरू होते. टायरॉडचा बॉल ढिला होतो. पायाखालच्या मॅटखाली पाणी मुरून पत्रा गंजतो. हँडब्रेकची वायर ताणली जाते.

यातला एकही दोष एका दिवसात होत नाही, आणि खरा धोका तोच आहे. उजेड रोज थोडा कमी होतो, त्यामुळे चालवणाऱ्याला तो कमी झालाय हे कळतच नाही. ब्रेक थोडा खाली लागतो, पाय थोडा जास्त दाबायला शिकतो. गाडी बिघडत जाते आणि माणूस तिला सरावत जातो.

पासिंगच्या आधी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. अण्णा सोबत होते. "ब्रेक मारला की जरा उजवीकडं ओढते, बाकी काही नाही," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, सवय आहे मला."

मिस्त्रीनं मागचं डावं चाक काढलं, ड्रम ठोकून सैल केला आणि बाजूला ठेवला. आतून ब्रेक ऑईल गळत होतं. व्हील सिलेंडरचं रबर गेलेलं, लायनर तेलानं चिंब. "सर, ह्ये बघा," तो अण्णांना म्हणाला, "ह्या चाकाला ब्रेकच नव्हता."

अण्णा काही बोलले नाहीत. दर सोमवारी ते याच गाडीतून माझ्या मुलाला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायचे. दोन वर्षं. आमच्या घरात त्या ओढण्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच चाक उघडून पाहिलं नव्हतं. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. पंचवीस वर्षांच्या रबराची चौकशी करणं आमचं काम होतं.

मागचे दोन्ही ब्रेक नवे केले. तरी पहिल्या फेरीत निरीक्षकानं गाडी परत पाठवली: हँडब्रेक चढावर धरत नव्हता आणि एक हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात होता. मला राग आला नाही. गेल्या पाच वर्षांत या गाडीकडे परक्या नजरेनं पाहणारा तो मिस्त्रीनंतरचा दुसराच माणूस होता. दुसऱ्या फेरीत पासिंग झालं.

१३ ऑगस्ट २०२१ ला देशात वाहन मोडीत काढण्याचं धोरण सुरू झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० झाली. जुनी गाडी ठेवणं महाग करावं, हा त्यामागचा हिशेब मला समजतो. पण मी भरलेल्या ५,००० मध्ये ते दोन्ही ब्रेक नवे होऊन पैसे उरले असते. ज्याला ही फी झेपत नाही तो गाडी विकेलच असं नाही. तो पासिंग न करता आडरस्त्यानं चालवेल, आणि मग तिचा ड्रम कुणीच उघडणार नाही.

ब्रिटननं दहाचे सात केले, साताचे तीन. आपण पंधरा तसेच ठेवले आणि पलीकडच्या टोकाला दर वाढवला. माझ्या मते फीपेक्षा पहिली तपासणी अलीकडे आणायला हवी, पाचव्या-सहाव्या वर्षी, गाडी पहिल्याच मालकाकडे असताना.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आम्ही घरात एक नियम केलाय. दरवर्षी हळद शिजवून झाली की गाडीची चारही चाकं उघडायची. यंदा अण्णा स्वतः स्टुलावर बसून बघत होते. मिस्त्रीनं डाव्या ड्रमच्या आत बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं. बोट कोरडं होतं.