स्पॅनिश भाषेंतील भविष्यकाळ

जें अद्याप घडलेंच नाहीं तें सांगण्यासाठीं भाषेनें रूप आणावें कोठून? व्याकरणाच्या पुस्तकांत भविष्यकाळ हा भूत व वर्तमान यांच्या शेजारीं निमूटपणें बसलेला दिसतो. परंतु त्याचा इतिहास मोठा अस्थिर आहे. स्पॅनिश भाषा हें याचें उत्तम उदाहरण होय.

स्पॅनिशची जननी लॅटिन. तिच्यांत ‘तो गाईल’ याला ‘कांताबित’ म्हणत आणि ‘तो गायला’ याला ‘कांतावित’. रोमन साम्राज्याच्या काळींच बोलण्यांत ब आणि व यांचे उच्चार मिसळूं लागले, आणि उद्यांचें गाणें कालच्या गाण्यापासून वेगळें ऐकूं येईना. अशा कारणांनीं लोकांनीं दुसरी वाट धरली. ‘कांतारे हाबेत’, म्हणजे ‘त्याला गावयाचें आहे’, असें ते बोलूं लागले. झिजतां झिजतां हे दोन शब्द एक झाले व स्पॅनिशचें ‘कांतारा’ हें रूप सिद्ध झालें. कर्तव्याचें भविष्य बनलें! मध्ययुगांत हा सांधा इतका सैल होता कीं, त्या दोन भागांमध्यें ‘त्याला’, ‘तुला’ अशीं सर्वनामें घालतां येत. १४९२ मध्यें नेब्रिहा या पंडितानें कास्तिलियन भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यानेंहि ही जोडणी ओळखली होती.

पुढें तिसरी वाट निघाली: ‘बा आ कांतार’, म्हणजे ‘तो गावयास जातो’. प्रथम यांत खरेंच पाऊल उचललेलें असे. नंतर केवळ बेत उरला. आज नित्याच्या बोलण्यांत, विशेषतः अमेरिका खंडांतील स्पॅनिशभाषक देशांत, हेंच रूप अधिक चालतें. मग जुनें ‘कांतारा’ मेलें काय? मुळींच नाहीं. कायदे व धर्माज्ञा यांत तें मानानें नांदतें. शिवाय त्यानें एक नवें काम पत्करलें आहे. ‘सेरान लास त्रेस’ याचा शब्दशः अर्थ ‘तीन होतील’; पण बोलणारा त्यानें ‘आतां तीन वाजले असतील’ असा अंदाज सांगतो. आपणहि मराठींत ‘असतील’ हें भविष्यरूप याच कामाला लावतों, नाहीं का?

म्हणून शिकणाऱ्यानें ‘यांपैकीं शुद्ध कोणतें?’ असें विचारूं नये. आभाळ भरून आलें असतां ‘बा आ योबेर’, पाऊस येणार, असें म्हणावें. कारण खूण डोळ्यांसमोर आहे. गाडीची वेळ ठरलेली असेल तर साधा वर्तमानकाळहि पुरतो, जसें आपण ‘उद्यां निघतों’ म्हणतों. गंभीरपणें वचन द्यावयाचें तर जुनें रूप शोभतें. उद्यांवर माणसाची सत्ता नाहीं. परंतु त्या उद्यांशीं आपलें नातें वचनाचें, बेताचें कीं तर्काचें, हें सांगण्याची सोय भाषेनें त्याला करून दिली आहे.