संकटकाळी हॅम रेडिओ : निर्मल परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

जुलै २०२२ मध्ये कडम धरणात विसर्गक्षमतेपेक्षा जास्त पाणी आले. १८ दरवाजांपैकी एक उघडेना, आणि धरणाखालच्या गावांतील लोकांना घाईने हलवावे लागले. अशा बातम्या आल्या की नांदेड, किनवट, लातूरकडचे आपले नातेवाईक फोन लावू लागतात. पण वीज जाऊन टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, तर फोनही मुके होतात. अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या हॅम रेडिओची ही थोडक्यात ओळख.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सरकारी परवाना घेऊन हौसेने चालवलेले बिनतारी केंद्र म्हणजे हॅम रेडिओ. व्यापारी कामासाठी तो वापरता येत नाही. एक संच, तारेचा अँटेना आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर तो चालतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरचे हातातले संच जवळच्या अंतरासाठी असतात. मध्ये घाट किंवा डोंगर आला की संपर्क तुटतो, म्हणून उंचावर एखादा माणूस बसवावा लागतो. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परत वळतात. त्यामुळे निर्मलहून थेट हैदराबादशीही बोलता येते.

आजवरचे काम

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात हौशी रेडिओचालक मदतीला गेले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्या जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला गेल्या होत्या. ते थांबवून त्यांनी तेच केंद्र अडकलेल्यांच्या खुशालीचे निरोप पोहोचवण्यासाठी वापरले.

निरोप कसा जातो?

एक केंद्र नियंत्रण करते, बाकीचे त्याच्या परवानगीने बोलतात. निरोप आधी लिहून घेतात, सावकाश वाचतात, आणि ऐकणारा तो परत वाचून दाखवतो. गावाचे नाव चुकले तर नाव भलतीकडे जाते, म्हणून ही शिस्त. हे स्वयंसेवक सुटकेचे काम करत नाहीत. प्रशासनाला खबर पोहोचवतात. फोन चालू असेल तर आधी ११२ लाच लावावा.

परवाना

वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. तिच्या दोन श्रेणी आहेत. भारतातील हॅमचे संकेतनाम बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होते. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. १९८३ साली स्थापन झालेली हैदराबादची वरील संस्था प्रशिक्षण देते.

आपण काय करावे?

• पावसाळ्यापूर्वी एक चिठ्ठी तयार ठेवा : घरातल्यांची नावे, वये, गाव व मंडल, रोजची औषधे आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा फोन नंबर.
• निरोप २० ते २५ शब्दांत द्या : कोण, कुठे, कसे आहात, काय हवे.
• सर्वांनी एकाच नातेवाइकाला कळवावे. पुढे त्याने सगळ्यांना सांगावे.

पाणी दारात आल्यावर रेडिओ शिकता येत नाही. परीक्षा, अँटेना आणि सराव उन्हाळ्यातच उरकावा लागतो. आपल्या घरांतील विज्ञानाची आवड असलेल्या मुलामुलींना याकडे जरूर वळवावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.