कोरड्या जमिनीवरची होडी

मागे एका उन्हाळ्यात आम्ही मोंटाना राज्यात फिरायला गेलो होतो. गाडीच्या टपावर कॅनू होती. कॅनू म्हणजे लांबट, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी, वल्ह्यानं चालवायची होडी. इकडे उन्हाळा आला की टपावर होडी उपडी बांधून निघालेल्या गाड्या सर्रास दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं!

मलाही तसंच वाटायचं. पहिल्या खेपेला दोन आडवे पट्टे करकचून आवळले आणि निघालो. हायवेला लागल्यावर पट्ट्यांतून भुंग्यासारखी घूं घूं सुरू झाली, आणि थोड्याच वेळात समोरच्या काचेवर दिसणारं होडीचं नाक वर-खाली व्हायला लागलं. बायको शांतपणे म्हणाली, "अरे, ती उडायच्या बेतात आहे." बाजूला थांबलो, होडीचं पुढचं टोक दोरानं बंपरखाली बांधलं आणि पट्ट्यांना एकेक पीळ दिला. पीळ दिला की पट्टा वाऱ्यानं थरथरत नाही. इतकी साधी गोष्ट डॉक्टरेट झालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभं राहून कळली. असो.

तर मोंटानात ग्रेट फॉल्स नावाचं गाव आहे, मिसूरी नदीच्या काठी. तिथल्या संग्रहालयात दोन मजले उंचीचा एक देखावा उभा केलाय. काही माणसं दोर खांद्यावर घेऊन एक भली मोठी होडी चढावरून ओढताहेत. तो पाहिला आणि आमच्या टपावरची कॅनू एकदम खेळण्यातली वाटायला लागली.

ही माणसं लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतली. अमेरिकेनं 1803 साली फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख विकत घेतला. तो धुंडाळून पॅसिफिक महासागरापर्यंत वाट काढायला राष्ट्राध्यक्ष जेफरसननी ही मोहीम पाठवली. 1804 च्या मे महिन्यात निघालेली मंडळी मिसूरीच्या प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत, दोर ओढत 1805 च्या जूनमध्ये इथे पोचली. वाटेत मोठा धबधबा लागेल हे हिदात्सा लोकांनी सांगितलं होतंच. होड्या उचलून पलीकडे न्यायला फार तर एखादा दिवस लागेल असा यांचा अंदाज. 13 जूनला लुईस धबधब्यापाशी पोचला. पुढे गेल्यावर कळलं की धबधबा एक नाही, ओळीनं पाच आहेत! क्लार्कनं खुंट्या ठोकत वाट मोजली. ती भरली जवळजवळ 18 मैल, म्हणजे 29 किलोमीटर.

बरं, होड्या कसल्या? कॉटनवुडचे अख्खे ओंडके कोरून केलेल्या. अशा सहा. शिवाय सगळं सामान. ना बैल, ना गाडी.

मग गाडी बनवली. परिसरात सुमारे 22 इंच व्यासाचं कॉटनवुडचं एक झाड सापडलं. एवढ्या जाडीचं दुसरं झाड वीस मैलांत नसेल, असं लुईसला वाटलं. त्याच्या आडव्या चकत्या कापून चाकं केली. मोठी होडी पुढे नेता येणार नव्हती. ती झुडपांत लपवून ठेवली आणि तिच्या डोलकाठीचे तुकडे करून आस केले.

आपल्या बैलगाडीचं चाक ज्यानं जवळून पाहिलंय त्याला यातली गोम लगेच कळेल. तुंबा, आरे, पुट्ठे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, असा सगळा खटाटोप सुतार-लोहार उगाच करत नाहीत. ओल्या ओंडक्याची चकती वाळताना घेराच्या दिशेनं जास्त आकसते, आणि केंद्रापासून कडेपर्यंत तडकते. त्यात कॉटनवुड मऊ. पहिल्याच दिवशी, 22 जूनला, आस मोडले. विलोच्या लाकडाचे नवे बसवले. मुक्काम अर्ध्या मैलावर आला असताना ओढायच्या दांड्या मोडल्या. उरलेली वाट सामान पाठीवर घेऊन चालले.

वाट तरी कशी? पावसात हजारो गव्यांनी तुडवलेली आणि मग उन्हात दगडासारखी वाळलेली जमीन. वर निवडुंगाचे काटे. माणसांनी पायांतल्या चामडी मोकॅसिनना दुहेरी तळ शिवले, तरी काटे आत येतच होते. घटकाभर थांबले की माणसं जागच्या जागी झोपत. पण याच माणसांनी एके दिवशी चांगला वारा पाहून गाड्यावरच्या होडीला शीड उभारलं, आणि वाऱ्यानं ती होडी चाकांवर पुढे ढकलली! लुईसनं रोजनिशीत मोठ्या कौतुकानं त्याची नोंद केली आहे. 2 जुलैला शेवटची खेप वर पोचली. अकरा दिवस लागले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. याच सामानात लुईसचं लाडकं अपत्य होतं. घडीच्या लोखंडी सांगाड्याची 36 फुटी होडी. सांगाडा त्यानं 1803 साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात स्वतः उभं राहून बनवून घेतला होता. तिथे आठवडाभराचं काम महिन्यावर गेलं. कल्पना झकास होती. धबधब्यांच्या वर सांगाडा जोडायचा, त्यावर कातडी चढवायची, झाली हलकी आणि मोठी होडी तयार. 28 एल्क हरणांची आणि 4 गव्यांची कातडी लागली. पण शिवण बुजवायला पाइनचं डांबर हवं, आणि आसपास पाइन नव्हते. मग कोळशाची पूड, मधमाशांचं मेण आणि गव्याची चरबी यांचं मिश्रण फासलं. 9 जुलैला होडी पाण्यात टाकली. बुचासारखी तरंगली. संध्याकाळपर्यंत लेप सुटला आणि शिवणींतून पाणी आत यायला लागलं. सुयाही धारदार कडांच्या वापरल्यामुळे भोकं मोठी पडली होती. केस थोडे राखलेल्या गव्याच्या कातड्यांवर लेप टिकला होता, हे लुईसला तेव्हा दिसलं. पण वेळ निघून गेली होती. सांगाडा सुटा करून पुरला, आणि पुन्हा ओंडके कोरून दोन होड्या केल्या. 15 जुलैला आठ होड्या पुढे निघाल्या. धबधब्यांपाशी महिना गेला होता आणि पुढचे डोंगर सप्टेंबरच्या बर्फात ओलांडावे लागले.

लुईसला हसायचा अधिकार मला नाही. पीएच.डी.च्या दिवसांत मीही आठ महिने खपून एक देखणं उपकरण बनवलं होतं. ते एका जोडातून गळत राहिलं. प्रबंधातले आकडे शेवटी आले ते रबरी नळी आणि बादली जोडून केलेल्या जुगाडातून. आमच्या सरांनी बादली बघितली, आकडे बघितले, आणि बादलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

दोन वर्षं आधी आखलेली होडी एका न मिळालेल्या चिकट पदार्थापायी बुडाली. एका दुपारी सुचलेला गाडा रोज मोडला, आणि मोडला तसा रोज दुरुस्त झाला, कारण दुरुस्तीला लागणारं लाकूड जवळच होतं. आता काहीही आखताना मी स्वतःला आधी विचारतो, हे मोडलं तर जिथे मोडेल तिथे दुरुस्त होईल का?

संग्रहालयातून बाहेर आलो. बायकोनं पुढचा दोर ओढून पाहिला. "घट्ट आहे," म्हणाली. मग निघालो. 29 किलोमीटर जायला आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील.