आकडा कोरला, नावं राहिली : कूतचा वेढा आणि आपली माणसं

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याला फ्रान्सच आठवतो. चिखल, काटेरी तारा, खंदक आणि वरून विषारी वायू. सिनेमात तेच, शाळेच्या पुस्तकातही तेच. पण मराठा पलटणींचे खंदक मुख्यतः इराकमध्ये होते, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. आपल्याकडे घरोघरी त्याला 'जर्मनची लढाई' म्हणत. प्रत्यक्षात समोर होता तुर्क.

आमच्या रहिमतपूर भागातून माणसं लष्करात का जायची, याचं उत्तर वीरश्रीत शोधायची आपल्याला सवय लागलीय. मला विचाराल तर आधी पाऊस बघा. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ ज्यांनी लहानपणी पाहिला, ती पोरं १९१४ ला ऐन भरतीच्या वयाची होती. खटाव-माणकडची जमीन, हिश्श्याला दोन-चार बिघे, आणि पलटणीत महिन्याला ११ रुपये रोख. पुणे-मिरज रेल्वे १८८० च्या दशकातच दारात आलेली. पुणे, तिथून मुंबई, आणि मुंबईहून बोटीनं थेट इराणचं आखात. शौर्य होतंच, ते मी नाकारत नाही. पण पोटाची गोष्ट लपवून शौर्य सांगितलं की माणूस पुतळा होतो.

आता लढाईकडे येऊ. पुण्यात मुख्यालय असलेली सहावी डिव्हिजन, कागदोपत्री नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी होत्या. ११७ वी ज्या ब्रिगेडमध्ये होती ती ऑक्टोबर १९१४ मध्येच मुंबईहून निघाली आणि नोव्हेंबरमध्ये शत अल अरबच्या तोंडाशी फाओला उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं. अबादानचं तेल आणि आखातावरचा वचक राखणं हे मूळ काम. तिथं थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण विजय सोपे मिळत गेले आणि साहेबांना बगदाद दिसायला लागलं. जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीच्या काठाकाठानं वर सरकत गेला. मागं रसदीची बोट पुरेशी नाही, दवाखान्याची सोय नाही, तरी पुढं.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदाद दोन-तीन मजलांवर असताना टेसिफोनला तुर्कांच्या पक्क्या खंदकांशी गाठ पडली. चार हजारांवर माणूस मेला किंवा जखमी झाला. जखमींना स्प्रिंग नसलेल्या मालगाड्यांत घालून, खडबडीत रानातून नदीपर्यंत नेलं. तिथून एका बोटीला बसऱ्याला पोचायला जवळजवळ दोन आठवडे लागले. बोटीच्या बाजूला दोर लोंबतायत असं लांबून एका डॉक्टर अधिकाऱ्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. डेकवर खेटून पडलेल्या, उठता न येणाऱ्या माणसांची घाण वाळून लोंबत होती. हे त्यानं रिपोर्टात लिहिलं म्हणून वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला.

टेसिफोनहून माघार घेत फौज कूतला आली. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं गाव, चौथ्या बाजूला खंदक खणले. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला तो १४७ दिवस. २४ डिसेंबरला तुर्कांनी कोपऱ्यातल्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला चढवला. तो किल्ला सांभाळणाऱ्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा होती. हल्ला मोडून काढला. त्यानंतर तुर्कांनी मोठ्या हल्ल्यांचा नाद सोडला आणि भुकेवर काम सोपवलं.

भुकेनं काम चोख केलं. जानेवारीत नदीला पूर आला, पुढचे खंदक पाण्याखाली गेले. सुटकेला येणाऱ्या फौजा शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकेका ठिकाणी आपटत राहिल्या आणि कूतमधल्या तेरा हजारांना सोडवायला निघालेले सुमारे २३ हजार त्यात मेले-जखमी झाले. एप्रिलमध्ये माणशी पीठ दिवसाला दीडशे ग्रॅमच्याही खाली आलं. धान्य दळायला विमानातून जात्याचे दगड टाकले होते, मग पिठाची पोतीही टाकायला लागले. वेढ्यातल्या फौजेला विमानानं रसद टाकण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयोग. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत.

यातच घोड्याच्या मांसाचा प्रश्न आला. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली, गोऱ्या सैनिकांनी खाल्लं. आपल्या शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बराच काळ नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी तोंड लावलं नाही. स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, लोक रानातला पाला शिजवून खायला लागले. पुढं याचा ठपका शिपायांच्या हट्टावर ठेवला गेला. मला हे मुळीच पटत नाही. गावातलं धान्य सुरुवातीलाच शोधून मोजलं असतं तर सुटकेच्या फौजांना अर्धवट तयारीनं धावत यावं लागलं नसतं. ते शोधलं जानेवारीच्या शेवटी. आणि शिपायाची भीती खरी होती. जिवंत परत गेलो तर गावात पंगतीला बसवतील का, पोरीचं लग्न होईल का? उपाशी माणूस हा हिशोब करतोय याला हट्ट म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याला तो हिशोब करावा लागत नाही त्याला.

२९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेलं. त्याआधी तुर्की सेनापती हलील पाशाला पैसे देऊन फौज सोडवायचा प्रयत्न झाला, पण त्यानं ऐकलं नाही. कैद्यांमध्ये हिंदी शिपाई सुमारे सात हजार, आणि भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, सफाईवाले असे सव्वातीन हजार. त्यांना वाळवंटातून चालवत रास अल ऐनकडे नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो तिथंच संपले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात राहिले.

११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' किताब मिळाला. पलटणीचा मान झाला, ठीक. माणसाचं काय झालं ते बसऱ्याच्या स्मारकावर दिसतं. १९२९ मध्ये उभारलेलं हे स्मारक कबरीचा पत्ता नसलेल्या चाळीस हजारांवर मृतांचं. गोऱ्या शिपायाचं नाव त्यावर कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांचंही कोरलं. आपल्या साध्या शिपायाच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढं नुसता आकडा, 'आणखी इतके'.

बरं, हे सगळीकडे असंच होतं असंही नाही. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या, त्यात मराठेही होते. तिथलं स्मारक १९२७ चं, त्यावर ४,७४२ हिंदी सैनिकांची नावं आहेत, शिपायासकट. म्हणजे नावं कोरता येत होती. युरोपात मेला तर नाव, इराकात मेला तर आकडा. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानं किंवा अजिबातच नोंद झालेली नाही, असं त्यांचाच अहवाल म्हणतो.

आणि आपल्याकडे? जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे, त्या एका गावाची ४६ माणसं या युद्धात गेली. पण महाराष्ट्रात कितीतरी गावांत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९ या काळात गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिथंही आकडाच. चावडीच्या भिंतीत, चुन्याच्या चार थरांखाली.

नावं मात्र पूर्ण हरवलेली नाहीत. कमिशनच्या वेबसाइटवर शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि 'सातारा, बॉम्बे' असं दिलेलं असतं. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, त्यामुळं सांगलीकरांनीही तिथंच शोधावं. औंध संस्थान मात्र जिल्ह्याबाहेर होतं. गावांची स्पेलिंगं भयंकर आहेत, दोन-चार प्रकारे टाकून बघा. पंजाबच्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयातून काढून लोकांपुढं ठेवल्या गेल्या. तसं काम सातारा-सांगलीसाठी व्हायला काय हरकत आहे?

गावात अशी पाटी असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका, गाव आणि तालुका लिहा. घरात जुनं पदक असेल तर त्याच्या कडेवर भिंग धरा, बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. शिपायांचं पदक चांदीचं, भिस्ती-खेचरवाल्यांचं काशाचं. बशीएवढी काशाची गोल चकती असेल, वर सिंह आणि उभी बाई, तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली असते आणि तिच्यावर त्याचं नाव असतं. चिंच लावून घासू नका, अक्षरं जातात. आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.