६४७, ब्रॉडवे

१९७३चा वसंत, न्यूयॉर्क, शनिवारची मध्यरात्र उलटलेली. ब्रॉडवेचा हा भाग गोदामांचा आणि जुन्या कारखान्यांचा. एवढ्या रात्री इथे कुणाचं काही काम नसतं. तुमच्या खिशात निमंत्रणपत्रिका आहे. ती दाखवा, दोन-अडीच डॉलर द्या आणि आत चला.

बार शोधू नका, इथे दारू विकतच नाहीत. टेबलावर फळं आहेत, सरबत आहे, सगळं त्याच पैशांत. यात व्यवहारही आहे बरं का: दारू विकायची नाही म्हणजे तिचा परवाना नको, आणि परवाना नाही म्हणजे पहाटे चारला दार लावायची सक्ती नाही. शिवाय हे घरच आहे. डेव्हिड मॅनकुसो इथे राहतो, इथेच झोपतो. १९७०च्या व्हॅलेंटाइन दिवशी त्यानं पार्टी दिली, तेव्हापासून लोक या जागेला 'द लॉफ्ट' म्हणतात. वर फुगेच फुगे दिसताहेत ना? त्याचं लहानपण यूटिकाच्या अनाथाश्रमात गेलं. तिथल्या एक सिस्टर मुलांसाठी फुगे लावायच्या, रेकॉर्ड वाजवायच्या.

शेजारी कोण नाचतंय ते बघा. काळे, गोरे, पोर्तो रिकन. पुष्कळसे समलिंगी पुरुष, बायकाही. पोलिसांच्या धाडीविरुद्ध समलिंगींनी केलेल्या स्टोनवॉलच्या दंगलीला अजून चार वर्षंही झाली नाहीत. पुरुषानं पुरुषाबरोबर नाचायचं तर दाराकडे एक डोळा ठेवायचा, ही सवय अनेकांच्या अंगात मुरलेली आहे. इथे मात्र बरेचजण डोळे मिटून नाचताहेत.

तुम्हीही मिटा. आवाज येतोय तो क्लिप्शहॉर्न स्पीकरांतून. ते कोपऱ्यातच उभे करायचे असतात, कारण खोलीच्या भिंतीच त्यांच्या कर्ण्याचं तोंड होतात. म्हणून खर्ज आधी पोटरीला कळतो, कानाला नंतर. डोक्यावर ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलेक्स रोझनरनं चारी दिशांना तोंड करून टांगलेले ट्वीटर आहेत. मॅनकुसो ते सतत चालू ठेवत नाही. गाणं उसळी घेतं तेवढ्यापुरते उघडतो, आणि झांज अचानक तुमच्या टाळूवर वाजते.

'वॉर' या बँडचं 'सिटी, कंट्री, सिटी' लागलंय. तेरा मिनिटं, गायन नाही. हार्मोनिका निवांत चालते, मग ऑर्गन आणि ढोल तिला पळवतात, पुन्हा सगळे संथ. रेडिओवर एवढा धीर कुणाला? त्यानंतर जेम्स ब्राउन. त्याच्या फंकमध्ये सगळा भार पहिल्या ठोक्यावर. बाकीच्या मात्रांत गिटार, ब्रास, ड्रम हवं तिथे भटकून घेतात, पण त्या पहिल्यावर सगळे एकदम हजर, समेवर आल्यासारखे. मैफलीत आपण तिथे मान हलवतो. इथे कंबर ते काम करते.

एडी केंड्रिक्सच्या लांबलचक गाण्यात वाद्यं एकेक करून गळतात, जवळजवळ नुसता ठेका उरतो. लोक ओरडतात. मग एकेक वाद्य परतायला लागतं, आणि त्या दोन-तीन मिनिटांसाठीच तर आज इतके जण आलेत. माझं स्पष्ट मत असं, की पुढच्या डिस्कोनं पैसा पुष्कळ केला, पण ही वाट बघायची हिंमत फार थोड्यांनी दाखवली.

आता मॅनकुसो ती रेकॉर्ड काढतो. कॅमेरूनच्या मनू दिबांगोची, फ्रान्समध्ये निघालेली. ब्रुकलिनमधल्या एका वेस्ट इंडियन दुकानात त्याला सापडली. कॅमेरूनमधल्या १९७२च्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गाण्याच्या मागच्या बाजूला हे 'सोल मकोसा' होतं. सॅक्सोफोन, आणि 'मकोसा' या शब्दाची अक्षरं मोडून-जोडून गमतीत पुटपुटणारा तो खर्जातला आवाज. अर्थ कळत नाही, पाय थांबत नाहीत. डब्ल्यूबीएलएस रेडिओ स्टेशनच्या फ्रँकी क्रॉकरनंही ती उचलली आहे, आणि आता आख्खं शहर तिच्या मागे आहे.

सोमवारी दुकानात जाल तेव्हा ती संपलेली असेल. दुकानदार दुसऱ्या कुठल्या तरी बँडनं घाईघाईत वाजवलेलं तेच गाणं पुढे करील. घेऊ नका. अटलांटिक कंपनी मूळ गाणं इथे काढणार आहे. तोवर पुढच्या शनिवारी या.