जबलपूरचा झेंडा: जमाव, दंगा आणि पोलिसांचा जाब

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात मोडत होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. शहपुऱ्यापासून नागपूरपर्यंत पोलिसांचा कायदा एकच होता. १८६० च्या दंडसंहितेनुसार गैर हेतूने एकत्र आलेली पाच माणसेही बेकायदा जमाव ठरत. त्या जमावाने बळ वापरले की तो दंगा. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र ही रेघ दंडाधिकारी आणि पोलीसच ओढत. १८६१ च्या पोलीस कायद्याने दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाताखाली दिले. लोकांची गाऱ्हाणी ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा मात्र त्यात नव्हती.

१८ मार्च १९२३ रोजी गांधीजींच्या शिक्षेला एक वर्ष झाले. त्या दिवशी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली जबलपुरात राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक निघाली. झेंडा तीन पट्ट्यांचा होता: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यांवर चरखा. पोलिसांनी तो हिसकावून पायदळी तुडवला. सुंदरलाल यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली; झेंडा तुडवणाऱ्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते.

१३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी त्याचे नेतृत्व केले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा बंदीहुकूम मोडायचा, पण हात उचलायचा नाही, हा दंडक होता. स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी येत आणि शांतपणे अटक करवून घेत. दीड हजारांहून अधिक जण तुरुंगात गेले. हिंसा नसल्याने सरकारला हे आंदोलन दंगा म्हणून दडपता येईना. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली.

सत्याग्रहींच्या शिस्तीने जमाव आणि दंगा यांतला फरक सर्वांसमोर आणला. पोलिसांना जाब विचारण्याची व्यवस्था मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके रेंगाळली. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. १८६१ च्या कायद्यात नसलेली तक्रारीची स्वतंत्र जागा या आदेशाने पहिल्यांदा देशभरासाठी बंधनकारक केली.