निदान आणि चेहरा : जेरिकोच्या व्यक्तिचित्रांतील रंगद्रव्य व कुंचला

रोमँटिक चित्रकलेची चर्चा करताना कुंचल्याचा उघड दिसणारा फटकारा म्हणजे चित्रकाराच्या भावनेचा थेट आविष्कार, असे समीकरण सहज गृहीत धरले जाते. थिओडोर जेरिको (१७९१-१८२४) या फ्रेंच चित्रकाराने अखेरच्या वर्षांत रंगवलेली मनोरुग्णांची व्यक्तिचित्रे पाहता हे समीकरण अपुरे ठरते.

‘मेड्यूसाचा तराफा’ (१८१९) या भव्य चित्रातील गडद छायांसाठी जेरिकोने बिट्यूमेन वापरले. हे डांबरी द्रव्य कधीच पुरते वाळत नाही. ते काळवंडते, भेगाळते. शोकात्म नाट्यासाठी योजलेल्या द्रव्यानेच पुढे त्या चित्राचा तपशील गिळला. व्यक्तिचित्रांत असे नाट्य नाही. ल्यों येथील संग्रहालयात असलेल्या वृद्धेच्या चित्रात पार्श्वभूमी गडद व रिकामी आहे. पांढऱ्या टोपीची झालर मोकळ्या, जलद फटकाऱ्यांतून साकारते. चेहऱ्यावर मात्र कुंचला सावध होतो. तैलरंग सावकाश वाळत असल्याने ओल्या रंगात रंग मिसळत जाणे शक्य होते. त्वचेचे मातकट, फिकट वर्ण असे एकमेकांत उतरतात आणि पापण्यांच्या कडांवरील तांबडा रंग नजर खिळवून ठेवतो. वृद्धा स्वतः मात्र प्रेक्षकाकडे पाहत नाही.

१८६३ मध्ये लुई व्हियार्दो या समीक्षकाला बाडेन-बाडेन येथे अशी पाच चित्रे आढळली. मूळ चित्रे दहा असून ती एत्येन-जाँ जॉर्जे या मनोविकारतज्ज्ञासाठी रंगवली होती, असे त्याने नोंदवले. जुगार, चोरी, बालकांचे अपहरण, लष्करी अधिकार व मत्सर ही ‘एकविषयक वेडां’ची नावेही त्याच्याच वृत्तांतातून रूढ झाली. ल्योंच्या चित्राला ‘मत्सर’ हे नाव मिळाले. परंतु चित्रचौकटीत मत्सराची खूण ठरेल अशी एकही वस्तू नाही. शीर्षक वाचल्यावरच आपण त्या डोळ्यांत मत्सर शोधू लागतो.

येथे शब्द आणि रंग यांच्यातील विरोध स्पष्ट होतो. शब्द व्यक्तीला विकाराचा नमुना बनवतो. कुंचला तिला पुन्हा एकमेव करतो. म्हणून येथील फटकारा हा चित्रकाराच्या ‘स्व’चा उद्रेक नसून दुसऱ्याकडे दिलेल्या अवधानाचे माप आहे. त्या स्त्रीचे स्वतःचे नाव इतिहासाने राखले नाही, निदान तेवढे राखले. तिचे व्यक्तित्व उरले ते केवळ रंगद्रव्यात.